भाड्याच्या गाडीवर माझं थोबाड

आधीच सांगतो, हे मी माझ्या मर्जीनं लिहीत नाही. मंडळाला वर्गणी दिली, अंकाला जाहिरात दिली, अध्यक्ष घरी येऊन दोनदा चहा पिऊन गेला, तरी यांचं पोट भरत नाही. म्हणे, "तात्या, तुमचा तो गाडीचा किस्सा द्या, लोकं हसतील." लोकं हसावीत म्हणून मी लिहायचं? माझाच चहा पिऊन? मी नाही म्हटलं. तर आमची सूनबाई सुजाता म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही लिहिलात तर मी लिहीन." आता ती लिहिणार म्हणजे काय लिहिणार, ते मला पक्कं ठाऊक आहे. त्यापेक्षा माझ्याच हातानं बरं. माझं शिक्षण चौथी, तेही मास्तर कंटाळले म्हणून. शुद्धलेखनाच्या चुका अध्यक्षानं काढाव्यात. तेवढं तरी काम करू दे त्याला.

तर ऐका. आणि मधेच हसायचं नाही. हसण्यासारखं शेवटी काय असेल ते असेल.

आमचं मिठागर गेलं, जमीन गेली. ते सगळ्यांचंच गेलं, त्यावर रडत बसणारा मी नाही. मी गाड्या घेतल्या. दोन ट्रक. विटा वाहिल्या, खडी वाहिली, एकदा तर आख्खं लग्नाचं वऱ्हाड वाहिलं. मग कुणीतरी कागद काढला की या गाड्या म्हाताऱ्या झाल्या, यांना भंगारात काढा. मी त्या दोन्ही गाड्यांपेक्षा म्हातारा आहे. मला अजून कुणी काढलं नाही, हे नशीब.

काम मात्र चांगलं होतं. द्रोणागिरीच्या एका गोदामातून तळोज्याच्या कारखान्यात प्लॅस्टिकचे दाणे पोचवायचे. सकाळी माल भरायचा, दुपारी खाली करायचा, संध्याकाळी गाडी दारात. कारखान्यातले दाणे संपले की मशीन थांबतं, आणि मशीन थांबलं की गोदामाचा साहेब माणसात राहत नाही. त्यानं मला समोर बसवून सांगितलं होतं, "तात्या, तुमच्या गाडीमुळं कारखाना एकदा जरी थांबला, तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही घरी." माझ्या घरची चूल, माझ्या दोन ड्रायव्हरांची चूल, सगळं त्या दाण्यांवर चाललेलं. आणि गाड्या भंगारात.

तेव्हा सुजाता म्हणाली, "बाबा, गाड्या भाड्यानं घेऊ. डे कॅब घेऊ."

ही डे कॅब म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. मोठ्या ट्रेलरचा पुढचा इंजिनाचा भाग असतो ना, त्याला ड्रायव्हर लोक घोडा म्हणतात. मागं ट्रेलर जोडला की झाली गाडी. लांब पल्ल्याच्या घोड्यात सीटच्या मागं ड्रायव्हरला झोपायला फळी असते. या डे कॅबमधे ती नसते. सीट, मागं भिंत, संपलं.

मी म्हटलं, ज्या गाडीत ड्रायव्हरला आडवं व्हायला जागा नाही ती गाडी कसली? ती मोठी रिक्षा.

सुजाता म्हणाली, "आपला ड्रायव्हर रात्री घरी झोपतो, बाबा. गाडीत पलंग घेऊन जायचाय कुणाला? आखूड गाडी असली तर कारखान्याच्या त्या अरुंद गेटात एका दमात वळेल."

मी आठवडाभर भांडलो. मग तीच गोष्ट साऱ्या गावाला माझी आयडिया म्हणून सांगितली. गावालाच नाही, नेऱ्यापर्यंत सांगितली. तिथं माझा साडू राहतो, हरिश्चंद्र. त्याच्याही गाड्या. त्याच्याशी मी बोलत नाही, पण त्याला ऐकू जाईल अशा बेतानं दुसऱ्याशी बोलतो.

बोलत का नाही, तेही सांगून टाकतो. माझ्या मुलाच्या हळदीला हा माणूस पंगतीत बसून म्हणाला, मटण आळणी आहे. मिठागरवाल्याच्या घरचं मटण आळणी! आमच्या बापजाद्यांनी साऱ्या पनवेलला मीठ खाऊ घातलं, आणि हा नेऱ्याचा भातवाला आम्हाला मीठ शिकवणार? त्या दिवसापासून बोलणं बंद. बायका बहिणी-बहिणी आहेत, त्या बोलतात. तो त्यांचा प्रश्न.

असो. कळंबोलीच्या यार्डात गेलो. पांढऱ्या घोड्यांची रांगच्या रांग उभी, शाळेच्या प्रार्थनेला उभी असल्यासारखी. तिथं एक चष्मेवाला पोरगा साहेब होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाला, "काका, गाडी बिघडली तर टेन्शन घेऊ नका. आम्ही ती घेऊन जाऊ, लगेच दुसरी देऊ. आमच्या सगळ्या गाड्या सारख्याच."

इथंच त्याची आणि माझी वाट वेगळी झाली. त्याच्या लेखी सगळ्या सारख्या. आमच्याकडं गाडी दारात आली की ती घरातली होते. बाकी गाड्या आणि ती, सारखं कसं असेल?

दोन घोडे दारात आले. मी लगेच पूजेची तयारी सांगितली. चाकाखाली लिंबू, नारळ, पेढे, पाच सवाष्णी ओवाळायला. आमची ही म्हणजे लक्ष्मी, माझी बायको, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मांडवाची कनात आपण भाड्यानंच आणतो," ती म्हणाली. "तिला कधी ओवाळलंय?"

"कनात द्रोणागिरीला जाते का?" मी विचारलं.

ती ताट आणायला आत गेली. पूजा झाली.

पूजा झाली म्हणजे नाव आलंच. बिननावाची गाडी म्हणजे बिनकुंकवाचं कपाळ. पनवेलचा शौकत पेंटर माझ्या जुन्या ओळखीचा. त्याचा बाप आमच्या मिठाच्या होड्यांवर नंबर घालायचा. शौकतला बोलावलं. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, दाराला लावलेला यार्डाचा छोटा स्टिकर बघितला आणि ब्रश डब्यातच ठेवला.

"चाचा, गाडी किरायाची दिसते. जरा सोच लो."

मी म्हटलं, "शौकत, तुझ्या घरी मेहमान आला तर तू त्याला अत्तर लावतोस की नाय? तो काय कायमचा राहायला येतो?"

"अत्तर उडून जातं, चाचा. हा ऑइलपेंट हाय."

"मग पक्का लाव," मी म्हटलं.

कपाळावर लिहिलं 'गावदेवी प्रसन्न'. दारावर 'बाळाराम तात्या'. एवढ्यावर थांबायचं होतं. पण तुम्ही बघता ना, आजकाल नाक्यानाक्यावर बॅनर. ज्याला शेजारी ओळखत नाही त्याचाही वाढदिवस, आणि त्याचं थोबाड दहा फुटी. मग मी काय पाप केलं होतं? मी शौकतला म्हटलं, माझा चेहरा पण काढ. दोन्ही दारांवर. त्यानं काढला. नाक माझं, टक्कल माझं, मिशी मात्र त्यानं स्वतःच्या मनानं घातली, पार कानापर्यंत. मी आरशात बघितलं, दाराकडं बघितलं. दारावरचा माणूस जास्त बरा होता. मी शौकतला पैसे देऊन टाकले.

चेहरा एकाच घोड्यावर झाला. दुसऱ्यावर काढायच्या आधी शौकतच्या पोरीचं लग्न निघालं.

महिनाभर मजेत गेला. नाक्यावर चहाला बसायचो, समोरून माझंच थोबाड कारखान्याकडं जायचं, ड्रायव्हर सलीम हॉर्न द्यायचा, मी हात करायचो. काय सांगू, स्वतःला हात करण्यात एक वेगळंच समाधान असतं.

मग त्या गाडीची क्लच प्लेट गेली. यार्डवाल्यांनी शब्द पाळला. सकाळी ती ओढून नेली, दुपारच्या आत दुसरी दारात आणून लावली. पांढरी, कोरी, ना नाव ना गाव. सलीम त्याच दिवशी तिच्यावर कामाला लागला. मी तिच्याकडं ढुंकून बघितलं नाही. नारळही फोडला नाही. आपलं माणूस दवाखान्यात असताना त्याच्या खाटेवर बदलीच्या माणसाला आपण ओवाळतो का? मी म्हटलं, आपली बरी होऊन येईल तेव्हा बघू.

आपली काही आली नाही. तिच्याऐवजी फोन यायला लागले.

पहिला फोन मोहोपाड्याच्या एका पाहुण्याचा. "तात्या, मी रस्त्यात हात केला, तुमची गाडी थांबली पण नाय. मोठी माणसं झाली तुमी." मी म्हटलं, अरे, माझी गाडी दुरुस्तीत आहे. तो म्हणाला, "थोबाड तुमचंच होतं." दुसरा फोन उरणकडून. माझ्या गाडीनं म्हणे कुणाच्या हळदीच्या मांडवाची कमान ओढत नेली, आणि नवऱ्या मुलीचा बाप माझं नाव घेऊन शिव्या देतोय. तिसरा फोन मला नाही आला, लक्ष्मीला आला. तिच्या मैत्रिणीनं तात्यांना रोज दुपारी एका ढाब्याबाहेर बघितलं होतं. दारावर का होईना, पण बघितलं होतं. त्या रात्री मला ताटात भाजी वाढली नाही.

आता तुम्हीच सांगा, गाडी दुरुस्तीत, आणि मी उरणला, मोहोपाड्याला आणि ढाब्यावर. कुठल्याही शहाण्या माणसाला यातून काय कळेल? गाडी चोरीला गेली. दुसरं काय?

सुजाताला विचारता आलं असतं. यार्डात फोन करता आला असता. लोक मला आजही हेच विचारतात, तात्या, एक फोन का नाही केला? अरे, चोरीची खबर चोराला द्यायची असते का? यार्डवाल्यांचाच यात हात असणार. आणि सुजाता आधीच त्या चष्मेवाल्याला सर म्हणत होती. मी ठरवलं, गाडी आपण स्वतः धरायची. रस्ता एकच आहे. आज ना उद्या इथून जाईल.

आणि गेली की नाही? माझा अंदाज कधी चुकत नाही.

दुपारची वेळ. मी नाक्यावर टपरीत बसलेलो, बशीत चहा ओतलेला. समोरून घोडा येतोय, मागं ट्रेलर, वर ताडपत्री. दारावर मी. तुम्ही कधी स्वतःच्या तोंडाला समोरून येताना बघितलंय? आरशात बघितलं असेल, पण आरसा चाळीसच्या वेगानं अंगावर येत नाही. आणि त्या तोंडाला हार घातलेला. झेंडूचा. आरशाच्या दांडीला बांधून बरोबर माझ्या गळ्यात सोडलेला.

मी बशी खाली ठेवली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. ब्रेक लागले. आख्खा ट्रेलर थरथरला. ड्रायव्हर खाली वाकून बघतो तर समोर मी. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग खिडकीतून डोकं काढून दारावरच्या मला बघितलं, मग परत रस्त्यावरच्या मला. आणि तो खाली उतरला तो माझ्या बाजूनं नाही, पलीकडच्या दारानं. रस्ता ओलांडून थेट नाल्याच्या कठड्याला टेकला. हात जोडलेले.

"बाबाजी," तो म्हणाला, "मेरी कोई गलती हो तो बता दो. मैं तो रोज अगरबत्ती करता हूँ."

मी म्हटलं, चोर तर चोर, वर अगरबत्ती? मी त्याची कॉलर धरली. कॉलर धरल्यावर त्याला कळलं की माझा हात गरम आहे. तेव्हा तो रडायलाच लागला.

त्याचं नाव रामसजन, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त एवढं कळलं की चोर सापडला. मी आरोळी दिली. गाव जमायला किती वेळ लागतो? टपरीवाल्यानं गॅस बंद केला, न्हाव्यानं गिऱ्हाईक अर्ध्यावर सोडलं, ते गिऱ्हाईक फेस घेऊनच आलं. सगळ्यांनी दारावरचं नाव वाचलं. सगळ्यांनी कबूल केलं की गाडी तात्यांचीच. पुरावा यापेक्षा काय पाहिजे?

रामसजन सारखा म्हणत होता, "माल जल्दी का है चाचा, पहुँचाने दो." मी म्हटलं, चोरीच्या माल-बिलाची मला घाई नाही. आणि तो पळून जाऊ नये म्हणून पुढच्या एका चाकाची हवा सोडली. जुना ड्रायव्हर आहे मी, माझ्या हाताला सवय आहे. फुस्स करून घोडा एका बाजूला बसला. लोकांनी वा तात्या म्हटलं.

तेवढ्यात सुजाताचा फोन. मी कापला. परत आला. मी उचलून म्हटलं, "मी कामात हाय. चोर धरलाय. नंतर कर." ती "बाबा, पण" एवढंच म्हणाली, तेवढ्यात मी बंद केला. चोर धरलेल्या माणसाला 'पण' चालत नाही.

मग गोदामाच्या साहेबाचा. आवाजावरूनच कळलं, माणसात नाही.

"तात्या, दाणे कुठं आहेत? कारखान्यातून तिसरा फोन आला. शिफ्ट बदलायच्या आत माल नाही आला तर मशीन थांबणार. मी तुम्हाला काय सांगितलं होतं ते आठवतंय ना?"

"साहेब," मी म्हटलं, आणि हे मी सगळ्या गावासमोर म्हटलं, "तुमचा माल वाटेत असेल. बाळारामाच्या शब्दाला आजवर कुणी बोट लावलं नाही. आता मला सोडा, मी इथं एका हरामखोराची गाडी अडवून ठेवलीय. हवा पण काढलीय."

"कुणाची हवा?" साहेब म्हणाला. मी फोन ठेवला. मोठ्या लोकांना बारीक गोष्टी सांगत बसू नये.

पण साहेबाची धमकी मी विसरलो नव्हतो, ते खरं. कारखाना थांबला तर काम गेलं. सकाळी सलीम द्रोणागिरीतून माल घेऊन निघायचा होता, तो कुठं अडकला? मी सलीमला फोन लावला. तो म्हणाला, गोदामाच्या गेटातच टायर पंक्चर झाला होता, आता पंक्चर काढलंय, नुसता घोडा घेऊन रिकामा परत येतोय. मी म्हटलं, रिकामा? मग माझा माल कुठंय? तो म्हणाला, "भाभीने इंतजाम किया है, चाचा." आणि पुलाखाली शिरला असेल, आवाज गेला.

मी अजून इंतजामाचा अर्थ लावत होतो, तेवढ्यात तिघं आले. स्कूटीवर सुजाता. तिच्या मागं यार्डाच्या गाडीतून तो चष्मेवाला. आणि त्याच्या मागं, बुलेटवर, पांढरे कपडे घालून, पान खात, हरिश्चंद्र.

रामसजन धावत जाऊन हरिश्चंद्राच्या मागं लपला. म्हणाला, "सेठ, आपने तो बोला था ये गुजर गये."

मी हरिश्चंद्राकडं बघितलं. हरिश्चंद्रानं बाजूला वळून पान थुंकलं. हसू लपवायला माणूस पान थुंकतो, हे मला माहीत आहे.

चष्मेवाल्यानं मला नमस्कार केला. शिकलेली माणसं भांडायच्या आधी नमस्कार करतात. तो म्हणाला की गाडी त्यांनी दुरुस्त केली, माझ्याकडं दुसरी चालू होती, म्हणून ही यांना भाड्यानं दिली. रंग काढून देणार होते, पण यांना घाई होती, आणि हे म्हणाले, राहू दे चेहरा, आपल्याच घरचा माणूस आहे.

"अरे, पण नाव वाच," मी म्हटलं. "वाचता येतं ना? बाळाराम तात्या. माझं नाव हाय की नाय?"

"हाय ना, काका," तो म्हणाला. घाबरून तोही आमच्यासारखं बोलायला लागला. "नाव तुमचं हाय. पण गाडी आमची, आणि भाडं यांचं."

मी त्यालाही उत्तर दिलं असतं. माझ्याकडं होतं. पण सुजाता पुढं आली आणि अगदी हळू, पण टपरीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, "आणि माल आपला, बाबा."

मग तिनं सांगितलं. सलीमचा टायर गेला, आमचा दुसरा घोडा आधीच दुसऱ्या फेरीवर गेलेला, माल पोचवायला गाडी नव्हती. तिनं नेऱ्याच्या काकांना फोन केला. त्यांनी एका शब्दावर स्वतःची गाडी काढून दिली. मला सांगितलं नाही, कारण मला सांगितलं असतं तर मी माल गोदामात सडू दिला असता, पण हरिश्चंद्राच्या गाडीत चढू दिला नसता. ताडपत्रीखाली माझेच दाणे होते. मी साऱ्या गावाला घेऊन, चाकाची हवा काढून, माझाच माल अडवून बसलो होतो. आणि साहेबाला स्वतः सांगितलं होतं.

न्हाव्याचं ते गिऱ्हाईक, तोंडावर फेस वाळलेला, तेवढंच हसलं. बाकीच्यांनी नंतर हसायचं ठरवलं असावं.

हवा भरायची म्हणजे वेळ जाणार. रामसजन हवेचा पाईप शोधत होता, पण तो सापडेना. शिफ्ट बदलायला थोडाच अवकाश. काम जातंय, हे मला दिसत होतं. मी इकडं तिकडं बघितलं. सगळ्यांनी माझ्यावरची नजर काढून घेतली. हरिश्चंद्रानं नाही काढली.

तो इतक्या वर्षांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "तुझा रिकामा घोडा कुठं हाय?"

"येतोय," मी म्हटलं.

"मग उभा क्याला ऱ्हायलायस? घोडा बदल. ट्रेलरला काय झालंय?"

खरं सांगतो, हे मला सुचलं असतं. दोन मिनिटांत सुचलं असतं. तो आधी बोलला एवढंच. सलीम आला तो कोऱ्या पांढऱ्या घोड्यावर, ज्याला मी साधं हळदकुंकू लावलं नव्हतं. ट्रेलरला पुढं लोखंडी पाय असतात, हँडल फिरवून ते जमिनीला टेकवायचे, मग घोडा पुढं काढून घ्यायचा. हँडल जाम झालेलं. एका बाजूनं मी लागलो, दुसऱ्या बाजूनं हरिश्चंद्र. दोन म्हातारे, एक हँडल, आणि आख्खं गाव बघतंय.

फिरवता फिरवता तो खालच्या आवाजात म्हणाला, "बाळाराम, मटण खरंच आळणी होतं रे."

"हँडल फिरव," मी म्हटलं.

पाय टेकले. माझ्या थोबाडाचा घोडा लंगडत पुढं सरकला, सलीमनं कोरा घोडा मागं घेऊन खट करून जोडला. गेला तो थेट. त्या अरुंद गेटात एका दमात वळला म्हणे. पलंगवाली गाडी असती तर अडकली असती, हे मी तेव्हाच म्हटलं होतं, आणि बरोबर म्हटलं होतं. शिफ्टचा भोंगा वाजायच्या आत दाणे कारखान्यात. मशीन थांबलं नाही. काम वाचलं.

संध्याकाळी साहेबाचा फोन आला. म्हणाला, तात्या, माल वेळेवर पोचला, शब्दाचे पक्के तुम्ही. मी म्हटलं, मग, मी काय सांगितलं होतं? सुजाता शेजारीच उभी होती. तिनं डोक्यावर पदर घेतला. ती एरवी घेत नाही. तोंडावर ओढायला घेतला असावा.

घरी लक्ष्मीला सगळं कळलेलंच होतं. तिनं त्या दिवशी भाजी वाढली. ती वाढत असताना मी विचारलं, हळदीचं मटण खरंच आळणी होतं का? ती म्हणाली, "आचाऱ्यानं तुम्हाला विचारलं होतं मीठ किती. तुम्ही पावण्यांशी बोलत होता. हातानं सांगितलंत, पुरे." मी जेवलो आणि झोपलो. काही गोष्टींवर बोलत बसायचं नसतं.

त्यानंतर चष्मेवाल्यानं दारावर पांढरा रंग मारायला शौकतलाच बोलावलं. शौकतनं मारला, पण स्वतःचं काम त्याला पुसवेना, का पातळ मारला कोण जाणे. ऊन तिरपं पडलं की अजून मिशी दिसते. ती गाडी अजून हरिश्चंद्राकडंच आहे, आणि रामसजन अजून मिशीला हार घालतो. मी एकदा नाक्यावर त्याला थांबवलं, नीट, रस्त्याच्या कडेला. म्हटलं, आता तर कळलं ना मी जिवंत आहे, मग हार कशाला?

तो हात जोडून म्हणाला, "चाचा, बुरा मत मानो. जब तक आप गुजरे हुए थे, गाडी एक बार भी नहीं रुकी. जिस दिन आप जिंदा निकले, उसी दिन रुकी."

आता अध्यक्ष म्हणतो, तात्या, शेवटी लिहा की माझी चूक झाली. का लिहू? माझी गाडी अडवायचा बेत बरोबर होता, फक्त गाडी माझी नव्हती. मटणाचं मी सोडून दिलं, माझ्या मोठ्या मनानं. गाव म्हणतं, त्यानं वेळेला गाडी दिली, काम वाचवलं, माफी तूच माग. पण मला एक सांगा, जिवंत माणसाला मेला म्हणून सांगायचं, त्याच्या तोंडाला रोज उदबत्ती ओवाळायला लावायची, आणि वर त्याच तोंडावर गाडी चालवून पोट भरायचं, याची माफी कुणी मागायची? मी नाक्यावर रोज चहाला असतो. बुलेट इथूनच जाते. तिनं थांबायला काही हरकत नाही. चहा मी पाजीन, पण माफी आधी. ती मागायची आहे नेऱ्याच्या हरिश्चंद्रानं.